वाचून दाखविले, बरोबर आहे

सत्तर सालाच्या सुमारास मी कोल्हापूरच्या फौजदारी कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले. नेमणूक तात्पुरती. मॅजिस्ट्रेट साहेबांनी वर चांगला शेरा पाठवला तरच कायम. साक्षीदार बोलायचा, साहेब त्याचं बोलणं आवरून शुद्ध मराठीत सांगायचे, मी ते टाइप करायची. संध्याकाळी बोटांपेक्षा खांदे जास्त दुखायचे.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असं लिहायचं आणि सही घ्यायची, असा नियम. शिरस्तेदारांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "बाई, ती ओळ आधीच टाइप मारून ठेवा. वाचत बसलात तर इथंच चूल मांडावी लागेल." मी मारून ठेवू लागले. वाचणं आपोआप सुटलं.

हुपरीची एक बाई पोटगी मागायला आली. चांदीच्या पैंजणांना आचेवर घुंगरं जोडून तिच्या बोटांच्या टोकांवर भाजल्याचे डाग पडले होते. नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "घरातून तुमच्या तुम्हीच गेलात ना?"

"व्हय, माझी मीच गेलो की. अंथरूण भाईर टाकून आतनं कडी घातल्यावर दारात बसू व्हय? तुमी बसला असता काय वकीलसाब?"

कोर्ट हसलं. साहेबांनी सांगितलं, "मी स्वतःहून घर सोडले." मी टाइप केलं आणि पुढच्या वाक्यासाठी थांबले. साहेब पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. तिचे वकील कागद चाळत होते.

अंगठा देताना तिनं विचारलं, "ताई, काय लिवलंय ह्यात?"

"तुम्ही सांगितलं तेच."

अजून दोन साक्षी बाकी होत्या. तिनं अंगठा उठवला.

निकालही मीच टाइप केला. अर्ज नामंजूर, कारण म्हणून तेच वाक्य. शिपायानं तिला निकाल सांगितला तेव्हा ती त्याच्यावरच डाफरली, "मी कडीचं सांगिटलं हुतं की!" मी चार हात अंतरावर बसले होते. उठून सगळं सांगायला हवं होतं, निदान वरच्या कोर्टात जा एवढं तरी. माझ्या शेऱ्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. मी मशीनला नवा कागद लावला.

कायम झाले. ती ओळ आधी मारणं बंद केलं. प्रत्येक साक्ष वाचून दाखवू लागले. "सुरू झालं बाईंचं पारायण," शिरस्तेदार म्हणायचे. गडहिंग्लजचे साक्षीदार एसटी चुकेल म्हणून कावायचे, "बरोबर हाय ओ बाई, कुटं अंगठा देऊ सांगा." बहुतेक जण न ऐकताच मान हलवायचे. तरी मी वाचायची. पंधरा वर्षं वाचलं. घसा कायमचा बसला.

कधीतरी एखादा म्हणायचा, "हे आसं न्हवतं, बाई." मग साहेबांसमोर जायचं, त्यांच्या कपाळावरची आठी बघायची, ओळ दुरुस्त करून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचं.