समोरच्या दारातला गोलकीपर

नोटीस बोर्डाच्या काचेवर किल्लीने टकटक करायची आणि म्हणायचं, "लिहिलंय, वाचून घ्या." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं एवढंच बोलणं बहुतेकांनी ऐकलं होतं. पाणी कधी येणार विचारा, गच्चीची किल्ली मागा, उत्तर तेच. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एक गृहस्थ असेलच. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि लिफ्टमध्ये कोणी पान खाऊन चढलं तर त्याचा चेहरा वर्षभर लक्षात ठेवणारा.

त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाबा गेल्यावर परळची खोली विकून मी आणि आई मिरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलो. आईला इथे कोणी ओळखीचं नव्हतं. खाली भाजीवाल्याशी हिंदीत बोलायचं म्हणजेसुद्धा तिला संकट वाटायचं. मग शेजारच्या एका मुलीला ती गणित शिकवू लागली, ती मुलगी दुसरीला घेऊन आली, आणि बघता बघता संध्याकाळी आमचा हॉल मुलांनी भरू लागला. गुजराती, मारवाडी, मल्याळी, सगळी पोरं आईकडून मराठीत पाढे शिकायची. आई पुन्हा माणसात आली. मी कामावरून परत यायची तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग असायचा आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं.

सेक्रेटरी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. एकटेच. बायको नव्हती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. त्यांना त्या चपला खुपल्या. आधी बोर्डावर नोटीस लागली, "जिना येण्याजाण्यासाठी आहे." आई चपला आत ठेवायला लागली, तर वार्षिक सभेत त्यांनी राहत्या घरात क्लास चालवण्याचा विषय काढला. आई उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि तिचा आवाजच फुटेना. ते म्हणाले, "वहिनी, माझं वैयक्तिक काही नाही. नियम आहे." हात वर झाले, ठराव झाला, क्लास बंद. मुलं स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासला गेली. आई संध्याकाळी टीव्ही लावून बसायची आणि टीव्हीकडे बघायची नाही.

मी तेव्हा एका छापखान्यात डीटीपीचं काम करायची. शनिवारी लवकर सुटलं की गल्लीतल्या सायबर कॅफेत जायची. तिथे माझे मित्र होते, म्हणजे चॅटरूममधले. एक मस्कतचा इंजिनियर, एक नागपूरची शिक्षिका, आणि एक "गोलकीपर". आम्ही तर्काची कोडी घालायचो, फुटबॉलवर भांडायचो आणि कविता एकमेकांना वाचायला द्यायचो. घरचं काही विचारायचं नाही, असा अलिखित करार होता. मी तिथे "लेफ्टबॅक" होते, आणि मुलगा होते. मुलीचं नाव घेऊन चॅटरूममध्ये गेलं की काय काय मेसेज येतात ते त्या काळातल्या कुठल्याही मुलीला विचारा. फुटबॉल मला बाबांनी शिकवला होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

गोलकीपर कोड्यांत सगळ्यांचा बाप होता. एकदा त्याने विचारलं, रेफरीचा मुलगा सेंटर फॉरवर्ड आहे, पण सेंटर फॉरवर्डचा बाप रेफरी नाही, हे कसं? मस्कतवाल्याने सावत्र बाप आणला, दत्तक मुलगा आणला. गोलकीपरने लिहिलं, "रेफरी त्याची आई आहे. जे सांगितलेलं नाही ते गृहीत का धरता?" आम्ही सगळे ओशाळलो.

क्लास बंद झाला त्या शनिवारी मी काही लिहिलंच नाही, नुसती वाचत बसले. गोलकीपरनेच विचारलं, "लेफ्टबॅक, आज गप्प का? करार मोडून विचारतोय." मला रडू आलं, पण घरचं न सांगता "डोकं दुखतंय" एवढंच लिहिलं. एवढ्या मोठ्या मिरा रोडमध्ये मला कोणी विचारलं नव्हतं, ते कुठल्याशा गावातल्या एका अनोळखी माणसाने विचारलं.

तो कुठल्या गावातला हे मला पुढच्याच महिन्यात कळलं. मी निघायला उठले, कॅफेवाला म्हणाला, "मॅडम, उधर से निकलो, इधर वायर है." म्हणून पलीकडच्या बाजूने गेले. प्लायवूडच्या आडोशामागे इस्त्रीचा शर्ट बसला होता, दोन पेनं खिशाला. स्क्रीनवर मी आत्ताच लिहिलेली ओळ होती, आणि आमचे सेक्रेटरी एका बोटाने तिला उत्तर टाइप करत होते. हसत होते. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं नाही.

मला आनंद झाला. तुम्हाला वाटेल धक्का बसला असेल, वाईट वाटलं असेल. नाही. आता हा माणूस माझ्या हातात आहे, एवढंच डोक्यात आलं.

त्या वर्षी वर्ल्ड कप होता आणि आमच्या गटाची एक रीत होती. मॅचचा अंदाज ज्याचा चुकेल त्याने जिंकणाऱ्याने दिलेल्या विषयावर कविता लिहायची. गोलकीपरला हरवणं सोपं होतं. ज्या संघाचा गोलकीपर वयाने मोठा तो संघ त्यांचा, मग समोर कोणीही असो. मी उलट बाजू घेतली, जिंकले, आणि विषय दिला, "ज्या जिन्यात चपला नाहीत."

उत्तर आलं, "विषय कठीण आहे. आठवडा द्या." पुढच्या शनिवारी कविता आली.

जिना आता स्वच्छ आहे,
चढताना पायात काही येत नाही.
सातच्या पाढ्यात एक मुलगी रोज अडायची,
मी बंद दाराआडून पुढचा आकडा सांगायचो.
आता दार उघडं ठेवतो.
कोणी अडत नाही.

नागपूरच्या बाईंनी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. माझा राग मात्र दुप्पट झाला. म्हणजे यांना ऐकू येत होतं, आवडत होतं, आणि तरी यांनी माझ्या आईला सभेत उभं केलं. न कळून केलं असतं तर एक वेळ सोडलं असतं.

छापखान्यात मी ती कविता देवनागरीत टाइप केली, खाली "गोलकीपर" असं लिहिलं, आणि सकाळी कामावर जाताना नोटीस बोर्डाच्या काचेवर चिकटवली. सेक्रेटरीच्या सहीशिवाय बोर्डावर कागद लावायला बंदी होती. ते फाडणार, आणि फाडताना लोक बघणार, असा माझा हिशेब. संध्याकाळी आले तर कागद काचेच्या आत टाचणी लावून ठेवलेला, खाली त्यांची सही आणि सोसायटीचा शिक्का. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी मला म्हणाल्या, "किसने लिखा है पता नहीं, पर अच्छा लिखा है." आईनेही वाचली. त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही.

मग ते लेफ्टबॅकला शोधू लागले. बिल्डिंगमधलाच कोणीतरी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि कोडं सोडवल्याशिवाय हा माणूस जेवायचा नाही. लिफ्टमध्ये एकेका मुलाला धरून विचारायचे, "काल मॅच पाहिलीस का? ऑफसाइड होता का तो?" पोरं घाबरून पायऱ्यांनी जायला लागली. शेवटी त्यांनी कंपाउंडमध्ये फुटबॉल खेळायला परवानगी दिली आणि बाल्कनीत उभे राहून कोण डाव्या बाजूने खेळतो ते बघत बसले. माझ्याशी रोज लिफ्टमध्ये भेट व्हायची. माझ्याकडे बघून म्हणायचे, "आई बरी आहे ना?" रेफरीचं कोडं घालणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? मी "हो" म्हणायची आणि मनात म्हणायची, शोधा, जन्मभर शोधा. पोरांना मैदान मिळालं, माझ्या आईला काय मिळालं?

पावसाळा संपत आला तेव्हा एका शनिवारी त्यांनी खाजगीत लिहिलं. "तू कोण ते विचारत नाही. कवितेतल्या मुलीला शिकवणाऱ्या बाईंनी पुन्हा शिकवायला घ्यावं असं वाटतं. ठराव मी बदलून घेईन. त्यांना कसं सांगू?"

मी लिहिलं, "समोरच्या दाराची बेल वाजवा." आणि लॉगआउट केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला म्हणून मी आयहोलला डोळा लावला. ते आमच्या दारासमोर उभे होते. आधी त्यांनी आपल्या चपला काढल्या आणि भिंतीशी जोडून नीट लावल्या. शर्टाची कॉलर सारखी केली. मग बेल वाजवली.

"कोण आहे गं?" आईने आतून विचारलं.

माझा हात कडीवर होता. दाराच्या पलीकडे ते हात जोडायच्या बेतात उभे होते, ओठ हलत होते, वाक्य पाठ केलेलं असावं. मला आईचा सभेतला आवाज आठवला, जो फुटत नव्हता तो.

"कोणी नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, बाहेर ऐकू जाईल असं.

त्यांनी वाकून चपला उचलल्या, पायात न घालता हातात घेतल्या, आणि आपल्या दारात गेले.

त्यांनी पुन्हा बेल वाजवली नाही. चॅटरूममध्येही ते आले नाहीत. दिवाळीआधी मुलगी येऊन त्यांना बडोद्याला घेऊन गेली, पुढे फ्लॅटही विकला गेला. आईने पुन्हा क्लास घेतला नाही. तिचा त्यांच्यावरचा राग बोर्डावरची कविता वाचली तेव्हाच गेला होता, असं ती सांगते. शेजारधर्म म्हणून जाताना सांगून तरी जायचं होतं, असं तिला अजून वाटतं.

मी म्हणते, "जाऊ दे आई. माणूसच तसला होता."