पुढे बसून सांगायची वंदना

वाचा-उपचाराचे शिक्षण मुंबईत संपवून मी नागपूरला परतले, तेव्हा सत्तरीचे दशक सरत आले होते. एक चांगला शोधनिबंध लिहायचा आणि परदेशी जायचे, असा माझा सरळ बेत होता. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया उशिरा झालेली मुले हा माझा विषय. त्यामुळे उमरेडहून एस.टी.ने आमच्या रुग्णालयात आलेली ती नऊ वर्षांची मुलगी मला हवीच होती.

तिला आत्याने आणले होते. "टाळू शिवला, मॅडम, तरी नाकातूनच बोलते. अन् ऐकत तं कोणाचंच नाही. लय जिद्दी आहे."

मी मुलीच्या मागे उभी राहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "गोळी हवी?" ती हलली नाही. अशा मुलांच्या कानात, पडद्याआड, पुष्कळदा पाणी साचते. जे ऐकूच येत नाही ते जीभ कशी उच्चारणार? कानाच्या डॉक्टरांनी ते पाणी काढले आणि मगच आमचे काम सुरू झाले.

मी क्रमाने जाणारी: आधी 'प', मग 'पाटी', मग 'पापड'. तिसऱ्या खेपेस मुलगी कंटाळली. "मले वंदना सांगायची आहे. पुढं बसून."

त्यांच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला एक मूल पुढे बसून वंदना सांगे आणि बाकीचे मागून म्हणत. इतकी वर्षे ही घोळक्यात नुसते ओठ हलवत होती.

"लोक हसतील वं," आत्या म्हणाली. "मागं बसून म्हण ना, कोण अडवते तुले?"

"मागं कोणाले ऐकू येते?"

वंदनेतले 'नमो' तिला तेव्हाही येत होते, कारण 'न' आणि 'म' यांना नाकाची वाट लागतेच. पण 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणजे ब, द, ग, च. सगळी हवा तोंडात कोंडून सोडायची अक्षरे. माझ्या क्रमात ती शेवटी होती. मी क्रम बदलला. घरी मेणबत्तीसमोर म्हणायला सांगितले: ज्योत हलली, तर हवा तोंडातून आली.

पुढच्या खेपेस आत्या तणतणतच आली. "काय शिकवून राहिल्या मॅडम तुम्ही? पोरीनं विहारात बुद्धापुढची मेणबत्ती विझवली!"

मी मुलीकडे वळले. "फुंकर मारलीस?"

"नाही. 'बुद्धं' म्हटलं. जवळून."

"नाक दाबलं होतंस?"

"नाही."

नाक न दाबताही हवा तोंडातूनच आली होती! मला हसू आवरेना. आत्या आधी माझ्याकडे, मग मुलीकडे पाहत राहिली. "म्हणजे हे चांगलं झालं म्हणता?"

"फार चांगलं झालं."

"मंग येत्या पौर्णिमेले बसवू हिले पुढं?"

"बसवा."

त्या पौर्णिमेला मीही उमरेडला गेले. मुलगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, ताठ, सगळ्यांच्या पुढे बसली होती. 'बुद्धं' स्वच्छ आले, 'सरणं' आले. 'गच्छामि' मात्र नाकात गेले. ती थांबली. मागच्यांनी ओळ उचललीच होती, तेवढ्यात आत्या ओरडली, "थांबा ना गा! पोरगी पुन्हा म्हणून राहिली."

सगळे थांबले. मुलीने तोंड मिटून श्वास घेतला आणि पूर्ण ओळ पहिल्यापासून म्हटली. विहारातली सारी माणसे तिच्यामागून म्हणाली. मीही म्हटली. तिचे उच्चार तपासायचे तेवढे राहून गेले.