तीन मिनिटांची सवय

शेजारची पोरं तिला हॅलोमावशी म्हणायची, आणि त्यात खोटं ते काय? ट्रंक कॉलच्या बोर्डावर अकरा वर्षं बसलेली बाई ती. दोऱ्या खुपसायच्या, परगावची माणसं जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की दोरी उपटायची. मग कुणी रडत असो नाहीतर भांडत.

ठरलेलं लग्न मोडून ती या नोकरीसाठी शहरात आली, तेव्हापासून आईनं अबोला धरलेला. आणि आज सकाळी भावाची तार: तीन वाजता आईचं ऑपरेशन, भरवसा नाही, तुझ्याशी बोलायचं म्हणते.

मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, तोंडाच्या फटकळ. "तुझ्या कॉलची चिठ्ठी रांगेत लाव," त्या म्हणाल्या. "मधे घुसवलीस तर घरी बसवीन."

आईच्या गावाला लाइन एकच, पुढे चिठ्ठ्या अकरा. जीव नुसता टांगणीला. लाइन चालू आहे ना, हे बघायला ती कान लावायची, तर एक व्यापारी खोकतच बसलेला. एक नवा जावई "बरं, बरं" यापलीकडे काही काढीना. "बोल की मेल्या," ती पुटपुटली. पाय हलत होता, नजर घड्याळावरून हलत नव्हती.

अडीचला तिची चिठ्ठी वर आली. पलीकडच्या ऑपरेटरनं दवाखाना जोडला. तिचं तोंड हिनं कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र रोजचा. आईला फोनपर्यंत आणेस्तोवर तीन मिनिटं संपतच आली.

"अगं," आई धापा टाकत म्हणाली, "तेव्हा मी तुला..."

खसकन दोरी उपटली गेली.

कुणी उपटली? हिनंच. काटा तीन मिनिटांवर गेला आणि मुरलेला हात आपलं काम करून मोकळा झाला. ती हाताकडे बघतच राहिली, रडूही फुटेना. तुटलेला कॉल पुन्हा रांगेच्या शेवटी, हा नियम तिनंच शेकडो लोकांना सुनावला होता.

तेवढ्यात त्याच लाइनचा दिवा लागला.

"सवयीनं उपटलीस ना?" पलीकडची ऑपरेटर. "मी आईंना लाइनवरच धरून ठेवलंय. घे."

मोठ्या बाईंनी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मला वाटलं, रागानं फोन ठेवलास," आईचा आवाज आला. "ती पोर म्हणाली, नाही हो, हात सवयीनं गेला असेल. तिला तू माहीत आहेस गं, मला नाहीस. चूक माझीच झाली."

"बोल आई," ती म्हणाली, आणि उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून बसली.