ठिकरी

माझ्या आत्याला घरात सगळे ठिकरी म्हणतात. तीन वर्षांची असताना म्हणे तिनं आजीची काचेची बरणी फोडली. बरणीच्या ठिकऱ्या झाल्या आणि पोरीला नाव चिकटलं. आत्या पन्नाशीला आली तरी ते सुटलेलं नाही.

आता ही ठिकरी काम काय करते, तर एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. काडीएवढ्या बारीक नळ्या, कांद्याच्या सालीइतक्या पातळ काचेचे चंबू. चोवीस वर्षांत तिच्या हातून एकही फुटलेलं नाही. तरी कुणी कौतुक केलं की म्हणणार, नशीब माझं, नाहीतर मी मुळात धांदरट. मला याचं फार नवल वाटायचं. चोवीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि तिसऱ्या वर्षी कानावर पडलेला एक शब्द खरा, हे माणसाला जमतं तरी कसं?

गेल्या महिन्यात तिला भांडी धुण्याच्या विभागाची प्रमुख करायचं ठरलं. अर्जावर फक्त तिची सही हवी होती, तीही दुसऱ्या दिवसापर्यंत. अर्ज घेऊन ती आमच्याकडे आली, पण सही करेना. मी दुसऱ्यांना काय शिकवणार, एखाद्या दिवशी अख्खं कपाट आडवं करीन, म्हणाली. जागा तर तिला हवी होती, तोंडावरच दिसत होतं. मला रागच आला. मी बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, सरळ विचारलं की बरणी फुटली त्या दिवशी नेमकं झालं काय होतं.

बाबांनी आधी उडवाउडवी केली. मग चष्मा पुसत आत्याला म्हणाले, "बरणी माझ्या हातून पडली. तू लहान, तुला कोण मारणार? म्हणून तुझं नाव सांगितलं."

म्हणजे बरणी फोडली बाबांनी आणि खापर फोडलं आत्याच्या डोक्यावर.

मला वाटलं, आत्या आता रडते. पण तिचं वेगळंच चाललं होतं.

"दादा, तू खरं बोलला असतास तर मी एवढी जपून वागले असते का? आणि नसते वागले तर ही जागा चालून आली असती? मग तुझ्यावर रागवू की नको, तेवढं सांग."

आत्यानं सही केली आणि अर्ज पिशवीत घातला. बाबा ओशाळून उठले, चहाचे कप गोळा करायला लागले.

"राहू दे," आत्या म्हणाली. "फोडशील."

तेव्हापासून आमचे पंचावन्न वर्षांचे बाबा कप दोन्ही हातांनी धरतात.