छप्पन्न किलोंत नसलेला माणूस

स्वतःच्या शरीराशी आमच्या साडूंइतक्या परकेपणाने, आणि तरीही अदबीने वागणारा माणूस अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात दुसरा झाला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्या विषयाला वर्गात तीन मुलं असत, त्यातली दोन दुसऱ्या विषयात जागा न मिळालेली. साडू त्या तिघांना तीनशे समजून शिकवत. चारशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच पंडिताने मन वेगळं आणि शरीर वेगळं अशी वाटणी करून ठेवली, आणि तेव्हापासून तिकडचे शहाणे ती मोडायला नाहीतर टिकवायला झटताहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मन आणि शरीराची गाठ मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत पडते, असं त्या पंडिताचं म्हणणं. साडूंना तेवढं पटत नसे. "एवढ्याशा स्टँडवर दोन गाड्या लागतील कशा?" ते विचारत. वाटणी मात्र त्यांनी मनापासून मंजूर केली होती. शरीराला ते 'सोबती' म्हणत. "मी उत्तम आहे, सोबत्याला जरा ताप आहे," असं पोस्टमनलाही सांगत.

एकदा दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, पेशंट कोण? साडूंनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा. मी फक्त घेऊन आलोय." दाढ काढताना त्यांची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. बाहेर येऊन मला शांतपणे म्हणाले, "ओरडला तो. मी ऐकलं." वजनकाट्यावर उभे राहिले की आकडा पाहून मान हलवत: "छप्पन्न किलो. यात मी नाही." लग्नाच्या पंगतीत सोबत्याला बसवून आपण चर्चेत रमत, आणि पानातली जिलबी संपलेली पाहून सोबत्याच्या हावरेपणाबद्दल यजमानांची माफी मागत. पानटपरीवर एका शेतकऱ्याने त्यांना एकदा नीट कोंडीत पकडलं. "सर, भूक कोनाले लागते?" "सोबत्याला." "आन् भजे आवडतेत कोनाले?" साडू उठून घरी गेले. चार दिवसांनी मुद्दाम त्याला गाठून म्हणाले, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर युरोपातही अजून ठरलेलं नाही." तो म्हणाला, "मंग तवरक भजे खात राहा ना सर."

ताईने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, या संसारात एकाऐवजी दोन पुरुष सांभाळले असं म्हणायला हरकत नाही. "तुमचा सोबती जेवला असन तं ताट उचलू काय?" ती विचारायची. कधी चिडली तर म्हणायची, "लगन माह्यं कोनासंग लावलं होतं, एवढं तं सांगा." साडू यावर खरोखर विचार करायला बसत, आणि तेवढ्या वेळात ती शेजारी जाऊन चहा पिऊन यायची.

मी सोनाळ्याला शाळेत गणित शिकवतो. दर रविवारी सकाळी मोटरसायकल काढून साडूंकडे जायचं आणि ओट्यावर बुद्धिबळ मांडायचं, हा एकोणीस वर्षांचा नेम. त्या एकोणीस वर्षांत मी एकही डाव जिंकलो नव्हतो. गणिताच्या मास्तरला तत्त्वज्ञानाचा मास्तर हरवतो, ही गोष्ट बाहेरून वाटते तेवढी किरकोळ नसते.

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही, आणि दोन वर्षं मी ते घरातही बोललो नाही. त्या रविवारी मी जिंकत होतो. त्यांचा वजीर गेला होता. नवाच्या सुमारास साडू म्हणाले, "साडभाऊ, सोबत्याचा उजवा हात आज माझं ऐकत नाही. उंट उचल म्हणतो, उचलत नाही." मी म्हणालो, "आज हरायला लागलात, तर बरं तत्त्वज्ञान सुचलं तुम्हाला. डाव्याने खेळा." ते डाव्याने खेळू लागले. इथपर्यंत चूक कुणाच्याही हातून झाली असती. त्यांच्या बोलण्याची आम्हा सगळ्यांनाच सवय होती. पण मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. मी तो ओघळ पाहिला. तोंड एका बाजूला उतरलेलं पाहिलं. माझे वडील अर्धांगवायूने गेले. ते तोंड मला ओळखता येत नाही असं मी म्हणूच शकत नाही. मला कळलं. आणि मी घोडा पुढे घेतला. मात व्हायला आणखी पाऊण तास लागला. मात झाल्यावर मी ताईला हाक मारली.

गाडी करून त्यांना अकोल्याला नेलं. जीव वाचला, उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. डॉक्टर ताईला म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर हात वाचण्याची शक्यता होती." ताईने माझ्याकडे बोट केलं. "कोनाले कळलंच नाही ना. कळलं तसा या भाऊंनं एक मिनिट दवडला नाही." मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. महिन्याभराने तिने पाहुण्यांदेखत मला मानाची टॉवेल-टोपी केली. ती टोपी मी डोक्यावर घातली, फोटोही काढून घेतला.

साडू मात्र जिद्दीला पेटले. वाटीत मूठभर तुरी घ्यायच्या आणि एकेक दाणा उजव्या हाताने दुसऱ्या वाटीत टाकायचा, हा रोजचा अभ्यास. पहिले तीन महिने एकही दाणा उचलला गेला नाही. ते रागावले नाहीत, थांबलेही नाहीत. दाणा निसटला की पुन्हा बोटं वाकवत. आणि दोन वर्षांनी एका रविवारी मला एकदम जाणवलं की या माणसाने बऱ्याच दिवसांत 'सोबती' हा शब्दच काढलेला नाही. "माझा हात दुखतो," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून आणत होते. "माझा."

त्याच दिवशी मी सगळं सांगितलं. ओघळ, घोडा, पाऊण तास. साडूंनी तुरीची वाटी बाजूला सारली. मग त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "मन म्हणत होतं, थांब. हात चाल करत होता," ते म्हणाले. "म्हणजे... दोन आहेत. तुमचा... दोष नाही. सोबत्याचा."

हा माणूस स्वतः सोडून दिलेला सिद्धान्त माझ्यासाठी पुन्हा उभा करत होता. घ्यावा असं फार वाटलं.

"नाही साडभाऊ," मी म्हणालो. "दोन नव्हते. कळलं तेही मला, आणि घोडा हलवला तोही मीच. मला जिंकायचं होतं."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि उजव्याने, जमेल तेवढं, स्वयंपाकघराकडे खुणावलं. "मंग... तिले सांगा."

ताई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातच उभा राहून बोललो. "ताई, त्या दिवशी मले आधीच कळलं होतं. मी डाव संपवला, मंग तुमाले हाक मारली."

तिचा हात थांबला. "डावासाठी?"

"हो."

तिने ती भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवून जा. माह्या बहिणीले काय सांगू, तुहा नवरा उपाशी धाडला म्हनून?"

त्याला आता आठ महिने झाले. मी एकही रविवार चुकवलेला नाही. साडू वाटीतले निम्मे दाणे पलीकडे नेतात. ताई मला वाढते, आधीसारखंच गरम, आधीसारखंच तूप घालून. फक्त पूर्वी दोन भाकऱ्या झाल्या की तिसरी बळेच पानात टाकायची आणि मी नाही नाही म्हणत राहायचो, ते आता होत नाही. दोन झाल्या की ती टोपलं झाकते. मी हात धुतो, साडूंजवळ थोडा बसतो आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगतो. "या," ती म्हणते. तेवढं म्हणते अजून.