समोरच्या गॅलरीतली दाढी

समोरच्या गॅलरीत रोज साडेनऊला एक दाढी होते. आमची सगळी कॉलनी तोवर डबे घेऊन कामावर गेलेली असते. पन्नाशीचा सुधीर आपल्या वडिलांना, अण्णांना, कोवळ्या उन्हात खुर्चीवर बसवतो, गळ्याभोवती पंचा गुंडाळतो आणि गालांना फेस लावतो. अण्णांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. सुधीर त्यांना घरी येणारा न्हावी वाटतो. तोही त्यांचा समज मोडत नाही. नोकरी सोडली त्यानं, ती यांच्यासाठीच.

काल ऐन दाढीच्या वेळी कसलीशी पाहणी करणाऱ्या बाई आल्या. गॅलरीतच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काम करता?"

"नाही."

"शोधताय?"

"नाही."

बाईंनी कागदावर दोन खुणा केल्या आणि त्या जिना उतरल्या. मला उगाच राग आला. हातात वस्तरा असलेल्या माणसाला हे विचारायचं? पण मी तरी काय वेगळं केलं होतं! शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी दरवर्षी सुबक अक्षरात 'काही नाही' लिहायचे. पहाटे पाचला उठून माझा डबा तिनंच भरलेला असायचा.

सुधीरनं ओल्या फडक्यानं अण्णांचे गाल पुसले. अण्णांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि ते खूश होऊन म्हणाले, "हात हलका आहे रे तुझा. दुसरीकडे काम शोधू नकोस हं."

"नाही शोधत, अण्णा," सुधीर म्हणाला आणि त्यानं पंचा झटकला.