शेवंताचा उतार

परवा शेजारच्या अंगणात ब्लॉक बसवत होते. ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळचा एक बंगला आठवला.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिथल्या साहेबांना फाटकापासून पडवीपर्यंत, गाडी येण्यापुरती काळ्या दगडाची फरसबंदी करून हवी होती. मी गवंडी, आणि माझी बायको शेवंता माझ्याच हाताखाली घमेली वाहायची. निम्मे दगड बसल्यावर ती थांबली.

"अवो, उतार उलटा हाय. पानी घरात जाईल."

"गप गो, तू माल आण," मी चारचौघांत खेकसलो.

तिनं कळशीभर पाणी आणून फाटकाकडच्या दगडांवर ओतलं. ते सावकाश पडवीकडे निघालं आणि पायरीशी साचलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी दगड उखडले आणि थापी तिच्या हातात दिली. त्या काळी बाईच्या हाती थापी कुणी देत नसे. चार दिवस ती दोरी लावून दगड बसवत होती, मी माल कालवून देत होतो.

काम संपल्यावर साहेबांनी स्वतः दोन बादल्या ओतल्या. पाणी सरळ फाटकाबाहेरच्या गटारात गेलं.

"छान! उतार कुणी काढला?"

"हिनं, साहेब," मी खालमानेनं म्हणालो.

आज ते आठवलं की वाटतं, मान वर करून सांगायला हवं होतं. पुढं पोलादपुरापासूनची माणसं अंगणाच्या कामासाठी दारात यायची आणि मलाच विचारायची, "शेवंताबाई हायत का घरात?"